विमानांच्या दुनियेतील दिलदार माणूस : जे. आर. डी. टाटा



आपल्या वाशीम जिल्ह्यातून विमान पकडायचे म्हटले की जिल्ह्याबाहेर जावे लागते. तरीही विमान आता आपल्याला परके राहिलेले नाही. पूर्वी आपले वडीलधारे हजला निघत तेव्हा मुंबईच्या बंदरातून जहाजाने जात. १९९५ साली ती जहाजे बंद झाली आणि पुढे सर्वच यात्रेकरू विमानाने जाऊ लागले. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड या भागांतील कितीतरी तरुण पोटापाण्यासाठी आखाती देशांत गेले, तेही विमानानेच. त्यांपैकी अनेकांनी पहिल्यांदा ज्या विमानात पाऊल ठेवले असेल, त्यावर एअर इंडिया हे नाव होते. ही कंपनी ज्यांनी जन्माला घातली, पंचवीस वर्षे सरकारी मालकीची असतानाही जिचा कारभार पाहिला आणि हे करताना शिपायापासून मंत्र्यापर्यंत सर्वांच्या मनात जागा मिळवली, त्या जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच सर्वांचे जे. आर. डी., यांच्या जीवनाची ओळख आपल्या मुलामुलींना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

टाटा हे नाव विदर्भाला नवीन नाही. वऱ्हाडचा कापूस जवळ मिळतो हे हेरून जमशेटजी टाटा यांनी नागपुरात एम्प्रेस मिल काढली आणि १ जानेवारी १८७७ रोजी ती सुरू झाली. पुढे काळाच्या ओघात ती गिरणी बंद पडली. पण कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा निधी तेथे १८८६ सालीच सुरू झाला होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही. मालकाने नफ्याबरोबर माणसाचाही विचार करावा, ही त्या घराण्याची रीत होती. जे. आर. डीं.नी हीच रीत आकाशात नेली.

बालपण आणि अपुरे राहिलेले शिक्षण

जे. आर. डीं.चा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिस येथे झाला. वडील रतनजी दादाभाई हे जमशेटजींच्या नात्यातले व त्यांच्या उद्योगातील भागीदार. आई सुझान ही फ्रेंच; लग्नानंतर तिचे नाव सूनी ठेवण्यात आले. पाच भावंडांत जे. आर. डी. दुसरे. फ्रान्सच्या समुद्रकिनारी हार्देलो या गावी त्यांचे सुट्टीतले घर होते आणि जवळच लुई ब्लेरिओ यांचे घर होते. विमानातून इंग्लिश खाडी प्रथम ओलांडणारे, १९०९ सालचे वीर ते हेच. त्यांचे विमान किनाऱ्यावरच्या वाळूत उतरताना पाहून या मुलाच्या मनात उड्डाणाचे वेड शिरले. पंधराव्या वर्षी एकदा विमानात बसण्याची संधी मिळाली आणि आपण वैमानिक व्हायचेच, असा निश्चय त्याने केला.

आई १९२३ साली वारली. जे. आर. डीं.ची इच्छा केंब्रिजला जाऊन इंजिनिअर होण्याची होती. त्यापूर्वी फ्रेंच सैन्यात एक वर्षाची सक्तीची नोकरी करावी लागली. ती संपताच वडिलांनी त्यांना मुंबईला बोलावून घेतले आणि १९२५ च्या डिसेंबरात टाटांच्या कचेरीत बिनपगारी उमेदवार म्हणून बसवले. दुसऱ्याच वर्षी वडिलांचेही निधन झाले आणि अवघ्या बाविसाव्या वर्षी घराची सारी जबाबदारी अंगावर पडली. केंब्रिज राहून गेले ते कायमचेच.

पदवी नाही याची रुखरुख या माणसाला जन्मभर लागून राहिली. परंतु त्यांनी या दुःखाचे काय केले ते पाहण्यासारखे आहे. रात्र रात्र जागून त्यांनी पोलाद, वीज, रसायने, हिशेब, कामगार कायदे अशा नाना विषयांची पुस्तके वाचून काढली. जे आपल्याला मिळाले नाही ते इतरांना मिळावे, यासाठी पुढे हात कधी आखडता घेतला नाही. तसे पाहिले तर टाटांच्या घरी जन्म घेणे हे काही सर्वांच्या नशिबी नसते. मोठे घर, पैसा आणि ओळखी त्यांच्या पाठीशी होत्या, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु अशा घरात जन्मलेले सगळेच काही मेहनतीने शिकत नाहीत आणि मिळालेले वाटूनही टाकत नाहीत.

पहिला परवाना आणि स्पार्क प्लगची गोष्ट

१९२९ साली मुंबईत फ्लाइंग क्लब निघताच जे. आर. डीं.नी तेथे नाव घातले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेला हा पहिलाच परवाना. त्यावर क्रमांक १ असा आकडा होता. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

त्या सुमारास आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केले. इंग्लंड ते हिंदुस्थान हा प्रवास, कोणत्याही बाजूने, एकट्याने विमान चालवून जो भारतीय प्रथम पूर्ण करील त्याला पाचशे पौंड मिळणार होते. १९३० च्या मे महिन्यात जे. आर. डी. कराचीहून इंग्लंडकडे निघाले. समोरच्या दिशेने, म्हणजे इंग्लंडहून कराचीकडे, अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे जे. आर. डी. उतरले तेव्हा अस्पी तेथे अडकून पडलेला दिसला. त्याच्या विमानाचे स्पार्क प्लग निकामी झाले होते आणि त्याच्याजवळ जादा प्लग नव्हते.

विद्यार्थी मित्रांनो, येथे क्षणभर थांबून विचार करा. स्पर्धा चालू आहे, प्रतिस्पर्धी आपणहून मागे पडला आहे, आणि कोणी पाहतही नाही. जे. आर. डीं.नी काय करावे? आपल्याजवळचे जादा प्लग त्यांनी त्या मुलाला देऊन टाकले. मुलाजवळ देण्यासारखे जे होते ते, म्हणजे समुद्रात पडल्यास तरंगण्याचे जाकीट, त्याने कृतज्ञतेने त्यांना दिले. दोघे आपापल्या वाटेने उडाले. अस्पी कराचीला पोहोचला तेव्हा जे. आर. डीं.चे लंडन काही तासांवर राहिले होते. बक्षीस अस्पीला मिळाले. त्या यशाच्या बळावर तो हवाई दलात गेला आणि १९६० साली स्वतंत्र भारताच्या हवाई दलाचा प्रमुख झाला. आपण हरलो याचे जे. आर. डीं.ना दुःख झाले नाही. त्या मुलाचे कल्याण झाले याचेच समाधान त्यांना आयुष्यभर वाटत आले.

हवाई टपाल

नेव्हिल व्हिन्सेंट नावाचे एक ब्रिटिश वैमानिक त्या वेळी भारतात आले होते. इंग्लंडहून विमानाने कराचीपर्यंत येणारे टपाल पुढे मुंबई आणि मद्रासला विमानानेच न्यावे, अशी त्यांची योजना होती. जे. आर. डीं.ना ती पसंत पडली. टाटा उद्योगाचे प्रमुख सर दोराबजी प्रथम राजी नव्हते. जॉन पीटरसन या वरिष्ठ अधिकाऱ्याने रदबदली केली, तेव्हा दोन लाख रुपयांच्या भांडवलास मंजुरी मिळाली.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी जे. आर. डी. कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून एका इंजिनाचे छोटे पस मॉथ विमान घेऊन निघाले. बरोबर सुमारे २५ किलो टपाल होते, दुसरा माणूस नव्हता. अहमदाबादला पेट्रोल घेण्यासाठी उतरले, तर पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणलेले! आपल्या शेतकरी वाचकांना हे वाचून गंमत वाटेल. भारताच्या विमान वाहतुकीची सुरुवातदेखील बैलजोडीच्या मदतीनेच झाली. दुपारी ते मुंबईस जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचे विमानतळ म्हणजे तेव्हा चिखलाचे मैदान आणि झावळ्यांनी शाकारलेली एक झोपडी एवढेच. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई, तेव्हा सारा बाडबिस्तरा पुण्याला हलवावा लागे. इतक्या गैरसोयीतही पहिल्या वर्षी वेळापत्रक असे काटेकोर पाळले गेले की सरकारी अहवालात त्याची मुद्दाम प्रशंसा झाली, आणि वर्षअखेर ६० हजार रुपये नफाही पडला.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जे. आर. डी. टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. तरी विमान कंपनीवरचा त्यांचा जीव कमी झाला नाही. १९४६ साली ती सार्वजनिक भांडवलाची कंपनी झाली तेव्हा नवीन नाव शोधायचे होते. मालकाने मनात येईल ते नाव ठेवले असते तरी कोण काय बोलणार होते? परंतु चार नावे कागदावर लिहून कचेरीतील लोकांचे मत घेण्यात आले आणि बहुमताने एअर इंडिया हे नाव ठरले. ८ जून १९४८ रोजी या कंपनीचे मलबार प्रिन्सेस हे विमान कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. स्वातंत्र्य मिळून एक वर्षही झाले नव्हते, आणि भारताचे विमान परदेशी धावपट्टीवर उतरले.

त्याच काळात आपल्या नागपूरलाही विमानांच्या नकाशावर महत्त्वाचे स्थान मिळाले. केंद्रीय दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांनी रात्रीच्या हवाई टपालाची योजना काढली. १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि पहाटेपर्यंत परत जात. ही योजना घाईने आखलेली आहे, असे जे. आर. डीं.चे मत होते आणि ते त्यांनी उघडपणे सांगितले. तथापि ही सेवा पुढे अनेक वर्षे चालली. दोन कर्तबगार माणसांत मतभेद असू शकतात आणि दोघांचाही हेतू देशहिताचा असू शकतो, हे यावरून दिसते.

अध्यक्षाची नजर

१ ऑगस्ट १९५३ रोजी सर्व विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. आपण वाढवलेली कंपनी हातातून गेली याचे जे. आर. डीं.ना फार वाईट वाटले. परंतु सरकारने अध्यक्षपद देऊ केले तेव्हा त्यांनी रुसवा धरला नाही. कंपनीचा दर्जा घसरू नये आणि जुन्या नोकरमाणसांचे हाल होऊ नयेत, म्हणून त्यांनी ते स्वीकारले. या कामासाठी ते पगार घेत नसत.

त्यांची काम करण्याची पद्धत शिकण्यासारखी होती. विमानातून प्रवास करताना ते वही घेऊन बसत. चहा कोमट होता, पडदा मळका होता, तिकिटाच्या खिडकीवर धूळ होती, स्वच्छतागृहात कागद नीट लावलेला नव्हता, अशा बारीकसारीक गोष्टी ते टिपून घेत आणि उतरल्यावर संबंधितांना कळवीत. पुष्कळदा दुसऱ्याला सांगण्याऐवजी स्वतःच हात लावून वस्तू जागेवर ठेवीत. कोणतेही काम हलके नाही, ही गोष्ट त्यांनी भाषण न देता शिकवली. चूक दाखवताना ते स्पष्ट बोलत, पण माणसाचा पाणउतारा करीत नसत. आणि चांगल्या कामाची पावती द्यायला विसरत नसत. म्हणून हाताखालच्या लोकांना त्यांचा धाक होता त्याहून अधिक लोभ होता. एअर इंडियाने १९६० साली बोइंग जेट विमाने आणली आणि १९६२ पर्यंत आपला सर्व ताफा जेटचा केला. जगातील मोठमोठ्या कंपन्यांच्या पंक्तीत भारताचे नाव घेतले जाऊ लागले, ते या नजरेमुळे.

देणारा हात

जमशेटजींनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी कर्जरूपाने शिष्यवृत्ती देणारा निधी स्थापन केला होता. तो आजही चालू आहे, हे आमच्या हुशार विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. केरळमधील एका गरीब दलित कुटुंबातील एक मुलगा रोज मैलोनमैल चालत शाळेत जाई; फी थकली म्हणून त्याला वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकावा लागे. मोठेपणी त्याला लंडनला शिकायला जायचे होते आणि जवळ पैसा नव्हता. १९४५ साली जे. आर. डीं.च्या मदतीने टाटांची शिष्यवृत्ती मिळून तो लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेला. तोच मुलगा म्हणजे १९९७ साली भारताचे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन.

आमच्या मुलींसाठी दुसरी गोष्ट. १९७४ साली बंगळूरच्या विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीने टेल्कोची जाहिरात वाचली. स्त्रियांनी अर्ज करू नये, असे तीत म्हटले होते. तिला राग आला आणि तिने एक साधे पोस्टकार्ड थेट जे. आर. डीं.ना लिहून पाठवले. एवढ्या मोठ्या माणसाने ते कार्ड केराच्या टोपलीत टाकले असते तर कोणाला कळलेही नसते. परंतु काही दिवसांतच तिला प्रवासखर्च देऊन पुण्याला मुलाखतीला बोलावण्यात आले आणि कारखान्यातील पहिली महिला इंजिनिअर म्हणून तिची नेमणूक झाली. पुढे सुधा मूर्ती म्हणून प्रसिद्ध झालेल्या या लेखिकेनेच हे सांगितले आहे. एका संध्याकाळी मुंबईच्या कचेरीबाहेर त्या पतीची वाट पाहत उभ्या होत्या. अंधार पडू लागला होता. मुलगी एकटी उभी आहे हे पाहून कंपनीचे अध्यक्ष स्वतः, त्यांचे पती येईपर्यंत, सोबतीला थांबले, हेही त्यांनीच लिहून ठेवले आहे.

जे. आर. डीं.नी १९४४ साली आपल्या संपत्तीतून एक विश्वस्त निधी स्थापन केला. मुंबईचे टाटा कॅन्सर रुग्णालय १९४१ साली सुरू झाले तेव्हा टाटा समूहाची धुरा त्यांच्याकडे होती; वऱ्हाडातील कितीतरी गरीब रुग्ण आजही त्याचा आसरा घेतात. डॉ. होमी भाभा यांच्या मूलभूत संशोधन संस्थेला १९४५ साली त्यांनी पाठबळ दिले. कामगार घरून कामाला निघाल्यापासून घरी परत येईपर्यंत कामावरच आहे असे समजावे, हा नियम टाटांच्या पोलाद कारखान्यात १९७९ साली झाला. त्यांना स्वतःचे मूल नव्हते. पत्नी थेल्मा आणि ते, दोघांनी मिळून शेवटी वंचित स्त्रियांसाठीही एक निधी ठेवला.

अपमान पचवणे

१ जानेवारी १९७८ रोजी एअर इंडियाचे सम्राट अशोक हे विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळले आणि २१३ माणसे दगावली. या दुःखातून कंपनी सावरत होती तोच, फेब्रुवारीत, केंद्र सरकारने जे. आर. डीं.ना अध्यक्षपदावरून दूर केले. ही बातमी त्यांना प्रथम कळली ती त्यांच्या जागी नेमलेल्या गृहस्थांकडून. पंचवीस वर्षांच्या विनावेतन सेवेचा हा शेवट होता. कंपनीच्या व्यवस्थापकीय संचालकांनी निषेध म्हणून राजीनामा दिला, कर्मचारी हळहळले. स्वतः जे. आर. डीं.ना अतिशय लागले. पण त्यांनी कटुता धरून कंपनीचे वाईट चिंतले नाही. १९८० साली संचालक मंडळावर पुन्हा बोलावणे आले तेव्हा ते गेले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या उड्डाणास पन्नास वर्षे झाली. त्या दिवशी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे जे. आर. डी. लेपर्ड मॉथ जातीचे जुने छोटे विमान घेऊन पुन्हा एकटेच कराचीहून जुहूला आले. तरुण पिढीच्या मनात साहस आणि उमेद जागी व्हावी, एवढाच त्यामागे हेतू होता.

१९९२ साली त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च सन्मान मिळाला. भारत महासत्ता व्हावा यापेक्षा तो सुखी देश व्हावा, अशी इच्छा त्यांनी त्या वेळी व्यक्त केली. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले आणि पॅरिसच्या पेर लाशेज दफनभूमीत, आप्तांच्या सान्निध्यात, त्यांना चिरविश्रांती मिळाली. संसदेने आपले कामकाज तहकूब करून त्यांना श्रद्धांजली वाहिली. एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटांकडे आली. ते पाहायला मात्र ते नव्हते.

पालकहो, आपल्यापैकी अनेकांचे शिक्षण परिस्थितीमुळे मध्येच सुटले आहे. ती रुखरुख मनात असेल तर जे. आर. डीं.सारखी कामी लावा. दहावी झाली, आता पुरे, असे म्हणून मुलीचे दप्तर खुंटीला टांगण्याआधी त्या पोस्टकार्डाची आठवण करा. आणि विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेच्या दिवसांत तुमच्या वर्गातील एखाद्या सोबत्याजवळ पुस्तक नसेल, वही नसेल, एखादे गणित अडले असेल, तर तो आपल्या पुढे जाईल या भीतीने हात मागे घेऊ नका. अबुकीरच्या वाळवंटात दिलेल्या त्या स्पार्क प्लगांमुळे एक बक्षीस हुकले. पण देशाला हवाई दलाचा प्रमुख मिळाला, आणि देणाऱ्याचे नाव आज इतक्या वर्षांनी आपण आदराने घेत आहोत.